नव्या चलनाची संथा

२००५ च्या शरदात अमेरिकेतल्या पार्सिपनी गावाच्या वाचनालयाने वृद्धांना आपापल्या मायदेशांच्या आठवणी सांगण्यास बोलावले, तेव्हा शेजारच्या चेक आजी कागदांची चळत घेऊन माझ्याकडे आल्या.

"प्रोफेसर, लोकांसमोर कागद धरला की मला एक अक्षर दिसत नाही."

मी प्रोफेसर नव्हे. पाठशाळेत वाढलेला वैदिक. परंतु पाठांतराचा मार्ग मला ठाऊक होता. गुरूने एकदा म्हणावे, शिष्याने दोनदा, ती संथा. कथा त्यांची, म्हणून गुरुपद मी त्यांना दिले आणि श्रीगुरूंचे स्मरण करून स्वतः शिष्य झालो.

आठ दिवस आमच्या दिवाणखान्यात इंग्रजी अध्ययन चालले. "महायुद्धानंतर आमच्या देशात रशियाच्या धर्तीवर कारखाने, दुकाने सारे सरकारचे झाले," त्या म्हणत. मी दोनदा म्हणे. "दुकाने रिकामी, म्हणून पगार साठत गेला." दोनदा. "रेडिओ म्हणाला, आपले चलन भक्कम आहे. पुढे दोनच दिवसांत जुन्या नोटा रद्द झाल्या." दोनदा.

जिन्यावरून माझी नात हसे. "आजोबा, ही काय कम्युनिस्ट पूजा चाललीये?"

एके ठिकाणी मात्र आजी रोज अडखळत.

"येथे काही सुटते आहे," मी एकदा म्हणालो.

"सुटत नाही. ते मला म्हणवत नाही. आणि ते वगळले, तर बाकीचे सगळे खोटे."

मी आग्रह केला नाही. योग्य वेळेआधी मंत्र मागू नये, असे आम्हाला शिकवले होते.

शनिवारी सभागृह भरले. आजींनी कागदाविना आरंभ केला आणि वाक्यामागून वाक्य अस्खलित येऊ लागले! मला खुर्चीत बसवेना. रेडिओचे वाक्य आले, त्या थांबल्या. रोज अडखळण्याची जागा हीच.

"आई म्हणत होती, नोटा बुडणार, मिळेल ते विकत घेऊन टाका. बाबांनी मला विचारले. मी कम्युनिस्ट पक्षाच्या युवकदलात होते. मी म्हणाले, रेडिओ खोटे बोलत नाही."

आणि दुसऱ्या रांगेतून मी खणखणीत स्वरात म्हणालो, "मी म्हणाले, रेडिओ खोटे बोलत नाही!" सारे लोक वळले. जीभ चावेपर्यंत दुसऱ्यांदाही म्हणून झाले होते.

"ओ माय गॉड, आजोबा!" नातीने कपाळ धरले.

आजी मात्र हसल्या. "हा माझा विद्यार्थी," त्यांनी सभेला सांगितले. "अगदी बरोबर म्हणाला."

त्यानंतर त्या आम्ही कधीच न घोकलेले बोलू लागल्या. बँकेपुढची रांग. थोड्या रकमेपुरता पाच जुन्या क्राउनना एक नवा, उरलेल्याला पन्नासांना एक. घराच्या छपरासाठी ठेवलेले पैसे, आणि ते बदलून आणल्यावर वडिलांच्या खिशात सहज मावलेले पाकीट.

"बाबा आईला म्हणाले, पोरीला एक शब्द बोलायचा नाही."

"मग?" कोणीतरी विचारले.

"आई तीन वर्षे बोलत होती!"

सभागृह खदखदून हसले. ग्रंथपालबाई घड्याळ दाखवीत होत्या. आजींनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.