जास्वंदीचं पाणी, मोगऱ्याचं पाणी

लिंबागणेशच्या आमच्या अंगणात झाडं दोनच. मोरीजवळ जास्वंद आणि भिंतीच्या कडेला मोगरा. एका आईच्या पोटच्या बहिणी असाव्यात आणि एकीचं दुसरीशी पटू नये, तशी त्यांची गत. जास्वंदीला उन्हाळ्यात दोन वेळा पाणी पाहिजे. एक दिवस चुकला की बाईसाहेब टपाटप कळ्या गाळून मोकळ्या. वर शेंड्याला पांढरा पिठ्या ढेकूण धरणार, तो मी साबणाच्या पाण्यानं धूत बसायचं. लाडावलेली कार्टी नुसती!

मोगऱ्याचं सगळंच उलटं. त्याला हिवाळ्यात उपाशी ठेवावं लागतं. दिवाळी झाली की पाणी कमी करत न्यायचं आणि मग महिना-दीड महिना थेंब द्यायचा नाही. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. संक्रांत झाली की छाटायचं, बुडाशी शेणखत घालायचं आणि तेव्हा कुठं पोटभर पाणी सोडायचं. याला ताण देणं म्हणतात. ताण बसला नाही तर मोगरा पाल्यावर जातो, हिरवागार दिसतो, पण फूल धरत नाही. माझे वडील सरकारी बागेत माळीकाम करायचे. ते म्हणायचे, "पोरी, मोगऱ्याची दया आली की मोगरा गेला." मी ते आयुष्यभर पाळलं.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. दिवसभर ओरडून घसा कोरडा पडायचा, म्हणून प्रत्येक स्टँडवर उतरून ढसाढसा पाणी प्यायची सवय. रिटायर झाले आणि दोन वर्षांत किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दिवसाला पाऊण लिटर. चहा, वरण, गोळीवरचा घोट, सगळं त्यातच. जास्त झालं तर छातीत पाणी भरेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही." त्या दिवसापासून यांचा जीव माझ्या हातातल्या एका बाटलीवर आला. सकाळी मी ती भरायची आणि संध्याकाळपर्यंत पुरवायची.

हे अंगणात बाजेवर बसून असायचे. मी जास्वंदीला पाणी घालायला लागले की त्यांची नजर तांब्याबरोबर हलायची. मला ते दिसायचं. मग मी भराभर उरकायची, उगीच त्यांच्यासमोर धार कशाला धरा! त्या हिवाळ्यात मोगऱ्याचं पाणी तोडलं तेव्हा ते म्हणाले, "त्याला कावून देत न्हाईस गं?"

"ताण दिलाय."

"वाळून चाललंय की. लई बेकार दिसतंय."

"वाळू द्या. वाळल्याबिगर फुलत न्हाई ते."

ते हसले. "तू डागतरीनच व्हायला पायजे हुतीस," म्हणाले. मलाही हसू आलं. तेवढंच काय ते हसणं त्या साली.

पुसाच्या महिन्यात मोगऱ्याची पानं गळून जायला हवी होती, तर याच्या शेंड्याला कोवळी पोपटी पालवी! बुडाशी बोट घातलं तर माती ओली. माझं टाळकंच फिरलं. शेजारच्या मावशी रोज सकाळी गणपतीला म्हणून आमची जास्वंद तोडायला यायच्या. मेंढरांमागं फिरणारं घर, त्यांना ताण काय कळणार, झाड सुकलेलं बघवलं नसेल आणि पाणी घातलं असेल, असं मी धरून चालले. तोंड सोडलं. "फुलं नेता ती न्या, पण माज्या झाडात हात घालू नका! कुणी सांगितलाय हा शहाणपणा?" मावशींनी हातातली फुलं ओट्यावर ठेवली आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या.

त्याच आठवड्यात बीडला काट्यावर यांचं वजन चार किलो जास्त भरलं. म्हणजे चार लिटर पाणी अंगात. डॉक्टर माझ्यावरच डाफरले आणि मी यांच्याकडं बघत राहिले. यांनी मान खाली घातली.

दोन दिवसांनी दळण टाकून मी लवकर परतले. हे मोगऱ्यापाशी उकिडवे बसलेले, हातात प्लास्टिकचा मग, शेजारी बादली. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, सदरा भिजलेला.

"काय चाललंय हे?" मी किंचाळलेच.

"त्याला दिलं वाईच," ते म्हणाले.

"आन् तुमी?"

"एक मग त्याला, एक मला." मग एकदम चिडून म्हणाले, "तान काय असती, तुला काय ठाव? तू पोटभर पिऊन आमाला शिकवती!"

मला रडू आलं, पण राग त्याहून मोठा होता. मी त्यांच्या हातातला मग हिसकावून घेतला. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी, टंचाईत लोक चोरीच्या भीतीनं ड्रमला साखळी-कुलूप घालतात. मी नवऱ्याच्या भीतीनं घातलं. चावी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. बाहेर जाताना माठसुद्धा आत ठेवून खोलीला कडी-कुलूप लावायची. मग मावशींकडं जाऊन माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, "मला ठाव हुतं, बाई. म्या दोनदा बगितलं त्यांना पिताना. तुला सांगितलं असतं तर तू त्यांना तेवढंबी मिळू दिलं नसतंस." मला त्यांचा राग आला. माझा माणूस मरायला टेकलाय आणि या दया करतायत!

त्यानंतर वजन कधी वर गेलं नाही. डॉक्टर नर्सला म्हणाले, "यांच्यासारखी घरची माणसं पाहिजेत." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हे मात्र माझ्याशी बोलायचे बंद झाले. बाटली पुढं केली की घ्यायचे, संपली की भिंतीकडं तोंड करून पडायचे. मला वाटायचं, रुसू देत, जगले म्हणजे झालं.

वैशाखात त्यांना थंडी वाजून ताप भरला. बीडला दवाखान्यात ठेवलं. जंतू रक्तात गेले, असं डॉक्टर म्हणाले. पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि कितीतरी महिन्यांनी माझा हात धरला. ओठांना चिरा पडल्या होत्या. "अगं, घोटभर दे," म्हणाले. उशाशी बाटली होती, भरलेली. मी म्हटलं, "डॉक्टर येऊ द्या, विचारते." कापसाचा बोळा भिजवून ओठांवर फिरवला. त्यांनी तो दातांत धरला आणि चोखायला लागले. मी ओढून काढला. डॉक्टर यायच्या आत ते गेले.

कागदांवर सह्या करताना मी वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरला विचारलं, "घोटभर मागत होते, मी दिलं न्हाई. बरोबर केलं ना?" त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग खाली कागदाकडं बघत म्हणाला, "द्यायचं होतं, मावशी. आता त्यानं काय होणार होतं?"