भाऊजींचे न संपणारे प्रश्न

आमच्या भाऊजींइतके प्रश्न उभ्या पुण्यात कुणी विचारले नसतील. माझ्या आतेबहिणीच्या या यजमानांची नोकरीच प्रश्न विचारण्याची. जाणत्या कारागिरासमोर वही घेऊन बसायचं, तो काय पाहतो आणि कशावरून ठरवतो हे खोदून काढायचं, वर्तुळं-बाण काढून त्याचा नकाशा करायचा आणि तो संगणकात भरायचा. म्हणजे उद्या कारागीर नसला तरी संगणक त्याच्यासारखा सल्ला देईल. मंडईतल्या एका मावशींना त्यांनी कोवळं वांगं ओळखण्याबद्दल इतकं पिडलं, की त्या म्हणाल्या, "अहो, वांगं घ्यायचंय का मुलगी बघायला आलाय?" भाऊजींनी तेही वहीत उतरवलं. नारायण पेठेतल्या घरी ताईच्या आमटीचाही नकाशा होता. त्यातल्या 'अंदाज' नावाच्या वर्तुळात बाण कुठून येतो, यावरून नवराबायकोत दोन दिवस अबोला होता.

एका फाउंड्रीतले भट्टीवरचे मिस्त्री हे त्यांचं सगळ्यात मोठं काम. लोखंडाचा रस ओतायला तयार झाला की नाही, हे मिस्त्री नुसत्या रंगावरून सांगायचे. भाऊजी चार महिने त्यांच्याशेजारी घाम गाळत बसले आणि सगळं एका कागदावर बसवलं, याचा त्यांना कोण अभिमान! कामाच्या पद्धतीप्रमाणे तो कागद मिस्त्रींना दाखवून सही घ्यायची होती. मिस्त्रींनी तो उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"साहेब, सारी हयात भट्टीवर गेली. ती एवढीच हाय व्हय?"

भाऊजींनी पेन पुढे केलं. सही झाली, संगणक सुरू झाला, मिस्त्री निवृत्त होऊन धायरीला घरी बसले. त्यानंतर भाऊजी दर रविवारी "काही शंका राहिल्यात" म्हणून तिकडे जायला लागले. कंपनीला त्या शंकांशी काही देणंघेणं नव्हतं. एकदा मीही गेलो. मिस्त्री ताठ बसून सांगत होते, "तसं न्हाई साहेब, नीट लिवा." परतताना मी म्हटलं, "भाऊजी, हे सगळं तुमच्या नकाशात आधीच आहे."

"आहे. त्यांना सांगू नकोस."

गेल्या महिन्यात मिस्त्रींनी अंथरूण धरलं. आम्ही गेलो तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"साहेब, अजून किती राहिलंय?"

"बरंच राहिलंय, मिस्त्री."

"मग विचारा की."

भाऊजींनी वही उघडली. जन्मात पहिल्यांदा त्यांना प्रश्न सुचेना. शेवटी त्यांनी मिस्त्रींचा हात धरला आणि विचारलं, "फार दुखतंय का हो?"

मिस्त्री जरासे हसले. "ह्ये नगा लिवू."

भाऊजींनी वही मिटली. मला तिथं थांबवेना, मी अंगणात आलो. चार दिवसांनी मिस्त्री गेले. आता रविवार उजाडला की भाऊजी कपडे करून तयार होतात आणि खुर्चीत बसून राहतात.