बंडीचा टायर

अकोटहून अकोल्याकडे येताना एके ठिकाणी डांबर संपून मुरूम लागायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा डांबर. त्या दोन्हींच्या सांध्यावर जो खड्डा होता, त्यात माझ्या गाडीची डावी बाजू गेली. आधी पुढचं चाक, मग मागचं. भाडं अकोटला सोडून मी रिकामा परतत होतो, एवढंच बरं. पुढचा टायर जागीच बसला. स्टेपनी लावली आणि अमरावतीला घरी येईपर्यंत काटा चाळिसाच्या वर जाऊ दिला नाही.

सकाळी पाहतो तर मागच्या टायरच्या कुशीवर लिंबाएवढा फुगा. खड्ड्याचं असंच असतं. एक टायर रस्त्यावर मरतो, दुसरा घरी येऊन. आतले धागे तुटलेले असतात, वरचं रबर शाबूत दिसतं, आणि हवा त्या तुटलेल्या जागेतून हळूहळू डोकं वर काढते. असा टायर महिनाभर चालेल, नाहीतर पुढच्या वळणावर फुटेल. हे सगळं मला बडनेऱ्याच्या मामांनी शिकवलं.

मामा माझ्या नात्यातले नाहीत. मी कोकणातला, समुद्रापासून दोन डोंगर आत माझं गाव. सातवीनंतर शाळा सुटली. एका ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो आणि विसाव्या वर्षी बडनेऱ्याला तापाने फणफणून पडलो. ट्रकवाला मला मामांच्या टायरच्या दुकानासमोर उतरवून गेला, तो परत आलाच नाही. मामा वऱ्हाडी शेतकऱ्याच्या घरचे. वावर भावाकडे, दुकान यांच्याकडे. त्यांनी मला घरात घेतलं. मामींनी आठ दिवस वरणाचं पाणी पाजलं. मी उठून बसलो तेव्हा मामा म्हणाले, "कोकण्या, मेला असता त तुह्या मायले काय सांगतलं असतं मी? आता राह्य इथीसाच."

राहिलो. बारा वर्षं झाली. दुकानात पाच वर्षं काम केलं, मग गाडी चालवायला शिकलो, मग जुनी गाडी घेऊन भाडी मारायला लागलो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, तिकडे तुझं कोण आहे? मी मामांचं नाव सांगितलं. मामा दोन दिवसांचा प्रवास करून माझ्या बाजूने मांडवात उभे राहिले. या मुलखात मला कोणी पाठीशी आहे असं वाटायचं ते त्या एका घरामुळे. ते घर नसतं तर मी केव्हाच परत गेलो असतो.

त्या दुकानात एक रीत होती. फुगा आलेला टायर मामा गिऱ्हाइकाला परत लावू देत नसत. शिव्या देत. "घरी बायकापोरं हायेत का नाई? का जड झाली तुले?" असं मोठमोठ्या गाड्यांतून उतरलेल्या माणसांनाही ऐकवत. पण तो टायर ते सुरीने कापूनही टाकत नसत. एका बैलाच्या हलक्या बंडीला, म्हणजे छोट्या बैलगाडीला, तो चालतो. बैलाच्या चालीला फुगा काय अन् भोक काय. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी असे टायर घेऊन जात. म्हणून दुकानाच्या मागे बंडीच्या टायरांचा वेगळा ढीग असे.

एकदा त्या ढिगातला टायर चुकून एका गाडीवर चढता चढता राहिला. तेव्हा मी सुचवलं होतं, की आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने 'बंडी' असं लिहून ठेवू. बाहेरून लिहिलं तर पुसलं जातं. मामांना ते फार पटलं. "पाहा, सात बुकं शिकला तरी डोकं चालते पोराचं," असं आल्यागेल्याला सांगत. लिहायचं काम माझ्याकडे आलं. पुढे गाडी घेतल्यावरही भाडं नसलं की मी दुकानावर जाऊन बसायचो, आणि ढिगात नवे टायर आले असले की मामा ब्रश हातात द्यायचे.

तर त्या सकाळी मी फुगा घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी दोन्ही टायर पाहिले. फाटलेला भंगारात, फुग्याचा बंडीत.

"मंग कोकण्या, खड्डा दिसला नाई का समुद्र वाटला तुले?"

"मामा, दिसला तेव्हा आत होतो."

"बरं झालं. आत गेल्याशिवाय खोली समजत नाई." आणि हसले. मग म्हणाले, "दोन टायर हायेत माह्याजोळ. नवे नाईत, पण नव्यासारखे. तुह्यासाठीच ठिवले समज. जाय, आत जाऊन च्या पे. मी लावतो."

"मी लावतो ना, मामा. तुमची कंबर..."

"जाय म्हणलं ना. मामीनं च्या टाकला."

मी आत गेलो. मामींनी चहाबरोबर आलुबोंडाही दिला. बाहेर हातोडीचे ठोके ऐकू येत होते, आणि साठीला आलेला माणूस आपल्यासाठी वाकून टायर चढवतोय म्हणून मला भरून आलं होतं. हे मी आज लिहितो तेव्हा त्या बोंड्याची चव अजून तोंडात येते, आणि नको वाटते.

चार-पाच दिवसांनी हवा भरताना मागच्या डाव्या चाकाचा व्हॉल्व वेगळा दिसला. माझ्या गाडीचे टायर ट्यूबलेस, आणि हा व्हॉल्व ट्यूबचा. ट्यूबलेसमध्ये ट्यूब घालतात ती टायर आतून खराब असेल तरच, मला कळायला हवं होतं. पाच वर्षं मी तेच काम केलं होतं. पण मनात आलं, मामांनी केलंय म्हणजे काहीतरी विचार असेल. माझा स्वभाव घाबरट आहे. गाडी लॉक केली की तीनदा दार ओढून बघतो, गॅस बंद केला का म्हणून बायकोला परत पाठवतो. फक्त मामांच्या कामावर मी कधी दुसऱ्यांदा नजर टाकली नव्हती. तेवढी एकच जागा होती जिथे मला भीती वाटायची नाही.

पंधरवड्याने अकोल्याचं भाडं आलं. अमरावतीच्या एक मावशी बाळंत झालेल्या लेकीला सासरी पोचवायला निघाल्या होत्या. बाळ दोन महिन्यांचं. मावशींनी मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण मी गाडी हळू चालवतो. ताई मागे डाव्या बाजूला बाळाला मांडीवर घेऊन बसल्या, मावशी त्यांच्या शेजारी डिंकाच्या लाडवांचा डबा सांभाळत.

मूर्तिजापूर सोडल्यावर ताई म्हणाल्या, "दादा, मागे काईतरी थरथरून राह्यलं."

"रस्ता आहे, ताई."

"रस्ता त आता गुळगुळीत हाये ना."

मावशी म्हणाल्या, "माह्या ढुंगणालेबी समजून राह्यलं, बाप्पा. तुमाले नाई समजत का?"

मला समजत होतं. बोरगाव मंजूपासून तर सीटखाली कोणी जातं फिरवतंय असं वाटायला लागलं. अकोल्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक टायरचं दुकान होतं, तिथे गाडी घातली. मावशी आणि ताई बाळाला घेऊन समोरच्या निंबाखाली बसल्या.

दुकानवाला माझ्याच वयाचा. त्याने चाक काढलं, व्हॉल्व पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "ट्यूबलेसमधी ट्यूब काहून टाकली, भाऊ?"

त्याने टायर उघडला, ट्यूब ओढून काढली आणि मोबाइलचा टॉर्च आत मारला. आत गेटर होतं. फाटलेल्या जागेवर आतून चिकटवतात ते रबराचं जाड ठिगळ. त्याची एक कड सुटली होती, आणि तिच्याखालून पांढरा रंग दिसत होता. त्याने ठिगळ बोटांनी आणखी सोललं.

'बंडी'. माझं अक्षर. शाळेत बाईंनी शिकवलं तसं, वरची रेघ शेवटी ओढलेली, थोडी चढाची.

"हे काय लिहिलं हाये?" तो म्हणाला. मग त्याने स्वतःच वाचलं आणि जोरात हसला. "अरे, यानं त साफ लिहून ठिवलं होतं! कोणत्या कसायानं लावलं तुमाले हे?"

त्या कसायाने मला मरताना उचललं होतं. मांडवात माझा बाप होऊन उभा राहिला होता. मी म्हणालो, "जुन्या बाजारातून घेतला."

"पाहून घ्यावा ना, भाऊ. इकडून पाहा, पुन्हा फुगून राह्यला. अजून पाच-सात किलोमीटर, बस. मागं बाई बसली होती न लेकरू घेऊन?"

मी निंबाकडे पाहिलं. ताई बाळाच्या तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. मावशींनी लांबूनच हात हलवून विचारलं, काय झालं? मी ओरडून सांगितलं, "काही नाही, मावशी. बॅलन्सिंग गेलं होतं."

हे खोटं मी मामांसाठी बोललो, की माझं भाडं जाऊ नये म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही. स्टेपनी लावून त्यांना सासरी पोचवलं. मावशींनी उतरताना दोन लाडू माझ्या हातावर ठेवले. "चांगलं केलं, वेळेवर पाह्यलं तुमी." मी ते लाडू खाऊ शकलो नाही.

तो टायर डिकीत टाकून दुपारीच बडनेऱ्याला आलो. वाटेत मी मामांच्या बाजूने नाना कारणं शोधली. ढीग मिसळला असेल. डोळ्यांना कमी दिसत असेल. दुसऱ्या कोणी गेटर लावून ठेवलं असेल आणि मामांना माहीतच नसेल. त्यातलं एकही कारण त्यांनी सांगितलं असतं तर मी मानलं असतं. मी मानायला तयारच होतो.

मामा दुकानात एकटेच होते, पंख्याखाली. मी टायर त्यांच्यासमोर ठेवला, आतली बाजू वर करून. त्यांनी पाहिलं. गडबडले नाहीत.

"सुटलं का गेटर? सोलुशन बेकार हाये आजकालचं."

"मामा, हा बंडीचा टायर आहे."

"हो, मालूम हाये मले."

"माहीत असून लावला?"

"अबे, पंधरा दिवस चालला ना? दुसऱ्याच्या गाडीले लावला असता का मी? तो ऐंशी-नव्वदनं पळवते. तू चालवतो बंडीसारखी. म्हणून तुले देल्ला. मागं लावला, पुढं नाई लावला. इचार करूनच लावला मी."

"मागे बाळ होतं, मामा. दोन महिन्यांचं."

त्यांनी टायर पायाने बाजूला सरकवला. "झालं का काई त्याले? नाई ना? मंग काहून तोंड पाडून राह्यला? दुसरा देतो."

"मला आत चहाला का पाठवलं?"

मामांनी पान्हा उचलून उगाच पुसला. मग जे बोलले ते साध्या आवाजात, माझी समजूत घालावी तसं बोलले. "अरे, बाहेरच्याले देल्ला असता त तो भांडाले आला असता. तू आपला माणूस. तू काई बोलत नाई."

बारा वर्षांत त्यांनी मला 'आपला माणूस' म्हणावं म्हणून मी काय काय केलं होतं. आजारपणात पाय दाबले, दिवाळीला गावी न जाता दुकान उघडं ठेवलं. तो शब्द त्या दिवशी मिळाला, आणि त्याचा अर्थही. मी त्यांच्या उपकारात आहे हे फक्त मलाच वाटत नव्हतं, त्यांनीही ते धरून ठेवलं होतं आणि हिशेबात घेतलं होतं. माझ्या तोंडाला कुलूप आहे हे त्यांना टायरच्या नंबरासारखं पाठ होतं.

मामी आतून म्हणाल्या, "आला का रे? जेवून जाय." मी म्हणालो, भाडं आहे. नव्हतं.

संध्याकाळी मावशींना फोन करून खरं सांगितलं. बायको म्हणत होती, कशाला? झालं गेलं. पण मला राहवलं नाही, कारण मामा माझ्याशी जसे वागले तसाच मी निंबाखाली बसलेल्या त्या दोघींशी वागलो होतो. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तवाच सांगतलं असतं त आमी दुसरी गाडी केली असती." एवढंच. त्यानंतर त्यांनी मला बोलावलं नाही. त्यांचं बरोबर आहे.

मामांकडे जाणं मी सोडलं, असं लोकांना वाटेल. सोडलं नाही. गावापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला एवढं मोठं घर एकदम सोडता येत नाही, आणि मामींच्या वरणाचं पाणी माझ्या अंगात आहे ते काढून टाकता येत नाही. महिनाभराने आणखी एका टायरसाठी मी पुन्हा त्यांच्याच दुकानात उभा होतो. त्यांनी विकायच्या जुन्या टायरांतून एक काढून माझ्याकडे लोटला. मी खाली बसलो, आत हात घातला आणि बोटं एका कडेपासून सावकाश फिरवायला लागलो.

मामा बघत राहिले. "माह्यावर भरोसा नाई का आता?"

"आहे ना, मामा," मी म्हणालो, आणि हात आतच ठेवला.