चौथी पाळी अक्काची

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी माझा भाऊ गेला. चहा घेतला आणि खुर्चीतच गेला.

कर्जतजवळच्या आमच्या गावात चार घरांत एक विहीर. वीज आठवड्याला वेळ बदलून येते, आणि पाळीवरून भांडणं होतात. भावानं त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. विजेच्या वेळा भरल्या की कुणी मोटर कधी चालवायची ते तो सांगे. भावानं तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला, सोबत परवाना जोडला.

"फुकटच द्यायचं तर परवाना कशाला रे?" मी विचारलं होतं.

त्यानं फळीवरचा स्टीलचा डबा काढला. मामानं माझ्या लग्नात दिलेला, झाकणावर मामाचं नाव कोरलेला. "अक्का, हा वापर, याला कडी लाव, कुणाला दे, वीक. फक्त नाव घासून काढू नकोस. एवढंच लिहिलंय त्यात."

तो गेल्यावर चार महिन्यांनी मी मिरजगावात मोटरच्या दुकानात गेले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्यानं मोबाईलवर एका कंपनीचं नवं ॲप दाखवलं. त्यात नमुन्याला भरलेली विहीर होती 'चिंचेखालची'. चौथी पाळी 'अक्का'.

आमची विहीर. माझी पाळी. भावाचं नाव मात्र कुठंच नव्हतं.

"हे माझ्या भावानं लिहिलंय."

"असंल की, बाई. पन ओपन सोर्स हाय म्हनं. कंपनीवाला सांगत हुता, त्याला मालक नसतोय."

"तू वाचलंस का परवाना?"

"घ्या! बाईंनी अजून पेपर तपासायचं सोडलं न्हाई." तो हसला. मला हसू आलं नाही.

घरी येऊन मी तो इंग्रजी परवाना शब्दकोश घेऊन वाचला. कंपनीला अडवणारं वाक्य शोधत होते. पहिल्या परिच्छेदात वापरा, बदला, वाटा, विका, सगळ्याला मुभा. विका कशाला लिहिलंस? मी मेलेल्या माणसावर ओरडले. दुसऱ्या परिच्छेदात एकच अट: लिहिणाऱ्याचं नाव आणि हा परवाना प्रत्येक प्रतीसोबत राहिला पाहिजे. तिसऱ्यात, काही बिघडलं तर लिहिणारा जबाबदार नाही.

मग मी कंपनीच्या अटी उघडल्या. तिसरा परिच्छेद त्यांनी शब्दन् शब्द उचलला होता. म्हणजे वाचला होता! स्वतःच्या सोयीचं ठेवलं, आणि वर जी एक ओळ त्यानं मागितली होती तेवढीच कापली. विकल्याचा राग मला आता नाही, ते त्यानंच दिलं होतं. चोरी झाली ती त्या ओळीची.

मी तीन पत्रं लिहिली, अट उतरवून, खाली रेघ मारून. उत्तर एकच आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. अभिप्राय!

ॲप चालू आहे. आमच्या गावातले लोकही आता तेच वापरतात. त्यात चिंचेखालच्या विहिरीची चौथी पाळी अजून अक्काची आहे. भावाचं नाव त्यात नाही.