हळदीचं लाल पाणी

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. चारचौघांत बोलायला जीभ उचलत नाही, म्हणून इथे लिहिते.

मानपाड्याच्या बाजूला, कारखान्यांच्या वसाहतीत आमचा भाड्याचा गाळा आहे. कारखान्यातल्या कामगारांना लागतात ते कापडी हातमोजे आम्ही शिवतो. आमचे हे कापड कापतात, मी आणि शेजारची एक बाई मशीनवर बसतो. मशिनींचे पैसे माझ्या थोरल्या नणंदेने दिले. वन्सं खडवलीला राहतात. पत्रे काढून वर स्लॅब टाकायचा, म्हणून भाजी विकून त्यांनी ते साठवलेले. "आधी तुमचं बस्तान बसू दे, छपराला काय घाई," म्हणाल्या. ते पैसे परत करायचे, एवढंच माझ्या डोक्यात असायचं.

आमच्या आधी त्या गाळ्यात सूत रंगवायचे. मागच्या मोरीत त्यांचा सिमेंटचा हौद होता, निळ्या-जांभळ्या डागांचा. पाणी दिवसाआड येतं, मग आयता हौद कोण फोडणार? आम्ही तो साठवणीला ठेवला.

खंडेनवमीला मशिनींची पूजा केली. आमची बाई हौशी, हळद मुठीने वाहिली. दसरा झाल्यावर मी गाळा धुवायला घेतला. तेलाने फरशी चिकटलेली, म्हणून पाण्यात धुण्याचा सोडा टाकला. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे हळदीचा डाग धुतलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. ते लालभडक पाणी मोरीतून पाइपने मागच्या नाल्यात गेलं. नाल्याचा रंग बदलतो म्हणून लोकांनी तक्रार केली होती, आणि नेमके तेव्हाच प्रदूषणाच्या ऑफिसातले साहेब काठावर उभे होते.

ते पाइपाचा माग काढत आत आले. हे माल पोचवायला माजिवड्याला गेलेले.

"काय रंगवता, बाई?"

"काही नाही साहेब. पूजा केली होती. हळद आहे ती."

"हळद पिवळी असते."

"सोडा पडला त्याच्यात."

साहेबांबरोबरचा माणूस हसला. "मावशी, पूजेनं नाला लाल झाला होय? मग रोज कोण एवढी पूजा करतं इथे?"

साहेबांचं लक्ष हौदाकडे गेलं. डाग बघून त्यांनी मोबाइलवर फोटो काढले. थोड्या दिवसांत नोटीस आली आणि गाळ्याची लाइट तोडली. लाइट नाही तर मशीन म्हणजे नुसतं लोखंड.

त्यानंतर हे ऑफिसात खेपा घालू लागले. तिथे म्हणाले, तुमचं काम हातमोज्यांचं असेल तर तसा परवाना घ्या. अर्ज केला तर म्हणाले, या गाळ्यावर रंगकामाचा परवाना अजून चालू आहे, तो ज्याचा आहे त्याने येऊन बंद केल्याशिवाय दुसरा मिळणार नाही. तो माणूस धंदा गुंडाळून कधीच निघून गेलेला, फोन लागत नव्हता. कागदपत्रं करून देणारा एक जण घरी आला.

"वहिनी, सोपं सांगू? तुम्ही रंगकाम करता असं लिहून द्या. परवाना लगेच नावावर करून देतो."

"पण आम्ही रंगवत नाही."

"कागदावर रंगवा हो! फक्त रंगाचं पाणी साफ करायचं मशीन तेवढं बसवावं लागेल."

"त्याला किती लागतात?" ह्यांनी विचारलं.

त्याने आकडा सांगितला. हे हसले, पण तसं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्या पैशांत आमच्यासारखे दोन धंदे उभे राहिले असते.

न शिवलेल्या कापडाची पोती आम्ही घरी आणली. एका खोलीत पोती, गॅस आणि आम्ही. भिंतीच्या कडेने अंग चोरून चालायचं. गाळा सोडावा तर नोटीस मिटवल्याशिवाय मालक डिपॉझिट देईना, आणि ठेवावा तर भाडं चढत होतं. वन्संनी पैशांचं कधी विचारलं नाही, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. फोनवर एवढंच म्हणायच्या, "वहिनी, पत्र्यावर निळं प्लास्टिक टाकलंय गं. लांबून आमचं घर आभाळच वाटतं." मी हसायचे आणि फोन ठेवल्यावर पोत्यावर बसून राहायचे.

मग एक दिवस वसाहतीच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. नियम सोपे झाले होते. ज्या कामात पाणी बाहेर जात नाही, धूर होत नाही, त्याला आता परवाना नको, काय काम करतो ते आपणच लिहून कळवायचं. जुना भाडेकरू निघून गेला असेल तर गाळामालकाने लिहून दिलं की त्याचा परवाना बंद धरणार. पेढे वाटले. केमिकलवाले एक शेठ मोठ्याने म्हणाले, "आता आमचेपण कागद कमी करा. आम्हीपण लिहून देतो, पाणी स्वच्छ आहे म्हणून!" सगळे हसले.

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. आमच्या गाळ्याची खिडकी केमिकलवाल्यांचं पाणी जातं त्याच नाल्यावर आहे. काही दिवशी वास इतका येतो की पदर नाकाला लावूनच शिवावं लागतं. आमच्या बाईला हळूच म्हटलं, "ह्या शेठनी तसं लिहून दिलं तर बघायला कोण येणार गं?"

"तुझी लाइट येतेय ना? मग नाल्याचं काय घेऊन बसलीस! खा पेढा."

मी खाल्ला. लाइट मलाही हवीच होती. पण त्या दिवशी पाइपामागे चालत साहेब आत आले तसं कुणी शेठच्या दारात जाईल का, हे मला अजून कळत नाही. आम्ही खरं लिहून दिलं. सगळे काय लिहितील, देव जाणे.

मालकाने लिहून दिलं, लाइट आली. मोरीतला पाइप ह्यांनी सिमेंटने बुजवला. गेलेली गिऱ्हाइकं सगळी परतली नाहीत, म्हणून रविवारीही मशीनवर बसायचो. भाडं आधी, वन्संचे नंतर, असं थोडं थोडं फेडत राहिलो.

परवा खडवलीला जाऊन उरलेले पैसे वन्संच्या हातात दिले.

"मोजत नाही गं मी. घरातलेच आहेत."

"मोजा, वन्सं," मी म्हटलं. त्यांच्याशी एवढ्या ठामपणे मी कधी बोलले नव्हते.

त्यांनी बोटाला थुंकी लावून मोजले. मान डोलावली. सगळे फिटले होते.