ओठावरचा निळा डाग

वाशीमच्या बाजारात मी एका भाजीवालीकडूनच मेथी घेते. नाव कधी विचारलं नाही. गेला हिवाळाभर ती पदराने तोंड झाकून बसायची. परवा पदर खाली होता आणि खालच्या ओठावर जांभळासारखा निळा डाग दिसला. "काय झालं?" म्हणून विचारलं, तर जुडी आपटूनच बोलली.

"स्टँडजवळच्या डाक्टरनं टेबलापलीकडूनच पाह्यलं अन् कॅन्सर म्हणे! तंबाखू-सुपारीचा खर्रा खाता ना, म्हणे. म्या जन्मात खर्रा नाई खाल्ला, ताई!"

मग लेकीने तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डागावर काचेची पट्टी दाबली, तसा तो फिका पडला. पट्टी काढताच पुन्हा निळा झाला. नीट तपासून त्या म्हणाल्या, फुगलेली रक्ताची शीर आहे, कॅन्सर नाही.

"सुटलात की मावशी," मी म्हणाले.

ती भडकलीच. "समदे तेच म्हणतात. त्यानं एकडाव दाबून पाहाले काय झालं होतं? कॅन्सर लागन म्हणून नातीच्या बारशाले घरच्यायनं मले पाळण्याले हात लावू देला नाई. आता ते बारसं पुन्हा होते काय?"

स्टँडजवळचा तो दवाखाना माझ्या वाटेवरच आहे. परतताना तिथे नंबर लावून बसलेली माणसं दिसली आणि मलाही तिच्याइतकाच संताप आला.