दादाच्या नावानं येणारे बदल

दादा जाऊन वर्ष होत आलं, तरी प्रेस चालवणाऱ्या आमच्या कोडमध्ये त्याच्या नावानं बदल येतच होते. अहो, खरंच! चाकणच्या प्रेसशॉपमधल्या कॉम्प्युटरवर, कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटला त्याचंच नाव घातलेलं. तो गेल्यावर ते काढायचा धीर कुणालाच झाला नाही. मग तिथं बसून कुणीही काम केलं तरी कमिट, म्हणजे बदलाची नोंद, त्याच्या नावावर. त्याच्या तेराव्याच्या दिवशीसुद्धा एक आलं. थेरगावला घरी सकाळी लॅपटॉप उघडला की बदलांच्या यादीत सगळ्यात वर त्याचं नाव, आणि माझा चहा तसाच गार व्हायचा.

दादा म्हणजे आमचा सीनियर. मला ‘काय गं बये’ म्हणायचा. गेल्या खंडेनवमीला पत्रा दाबणाऱ्या प्रेसला झेंडूचा हार घातला, तो नेमका आत गेलेला हात ओळखणाऱ्या सेन्सरवर लोंबला. सेन्सर आंधळा आणि प्रेस चालू! ऑपरेटर मावशींची बोटं थोडक्यात वाचली. दादानं तिथंच बसून बदल केला: सेन्सर झाकलेला असेल तर प्रेस हलणारच नाही. दुसऱ्या दिवशी हार्ट अटॅकनं तो गेला.

यंदा दसऱ्याला नवी प्रेस सुरू व्हायची होती, आणि तिच्यावर त्याच मावशी. कोडच्या जुन्या ब्रँचमधलं काम नव्या प्रेसच्या ब्रँचमध्ये न्यायचं माझ्याकडे आलं. पण नवी ब्रँच कुणीतरी नुसता फोल्डर कॉपी करून काढलेली. दोघींच्या बदलांचा इतिहासच जुळेना. म्हणून एकेक कमिट वाचून उचलत होते. तेव्हा दिसलं, की प्रॉडक्शन अडतं म्हणून दादाची ती तपासणी नंतर कुणीतरी बंद केली होती. तीही दादाच्याच नावानं! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अरे, लाजा नाही वाटत?

तो गेल्याच्या तारखेवरून दादाचं खरं कुठलं ते ओळखून नेलं, आणि तपासणी बंद करणारं ते एक कमिट मुद्दाम मागं ठेवलं. दसऱ्याला नव्या प्रेसवर मावशींनी खात्री करायला स्वतःच सेन्सरवर झेंडूचा हार टांगला आणि बटण दाबलं. प्रेस हलली नाही. पुन्हा दाबलं. नाहीच.

“हितंच हाय गं त्यो,” मावशी म्हणाल्या आणि ॲप्रनला डोळे पुसले.

मी त्या कॉम्प्युटरपाशी गेले. दादाचं नाव खोडलं, माझं घातलं, आणि पुढं बसेल त्यानं आपापलं घालायचं असं सगळ्यांना सांगितलं. आता सकाळी सगळ्यांची नावं दिसतात, ज्याची त्याची. त्याचं येत नाही. तरी मी रोज यादी खालपर्यंत बघते.